मद्रासची धूळपाटी

मुंबईहून रेल्वेने निघालेला प्रवासी सोलापूर, रायचूर, गुंटकल आणि रेणिगुंटा मागे टाकीत सुमारे तेराशे किलोमीटरांचा पल्ला संपवून चेन्नईस पोहोचतो, तेव्हा या नगरीत काय काय पाहावयाचे याची यादी त्याच्याजवळ बहुधा तयार असते. मरीनाचा विस्तीर्ण समुद्रकिनारा, मैलापूरचे कपालीश्वराचे देऊळ, सेंट जॉर्जचा किल्ला, एगमोरच्या वस्तुसंग्रहालयातील चोळकालीन कांस्यमूर्ती ही स्थळे त्या यादीत असतातच. प्राथमिक शाळांचे नाव मात्र कोणाच्याही यादीत नसते. आणि तरीही प्राथमिक शिक्षणाच्या इतिहासात या शहराला जे स्थान आहे ते फारच थोड्या शहरांच्या वाट्यास आले असेल. मुलाचे शिकणे केवळ त्याच्या बुद्धीवर किंवा गुरुजींच्या मेहनतीवर अवलंबून नसते. ते कशावर बसते, कशाने लिहिते, काय खाऊन येते, त्याच्या शेजारी कोण बसते आणि त्याला कशाची भीती वाटते यांवरही ते तितकेच अवलंबून असते. ही गोष्ट जुन्या मद्रासने आणि आजच्या चेन्नईने गेल्या सव्वादोनशेहून अधिक वर्षांत पुनःपुन्हा पडताळून पाहिली आहे.

मुलांच्या अभ्यासाची काळजी नाही असे घर विरळाच. प्रगतिपुस्तकात गुण कमी पडले की आपण प्रथम मुलाला बोल लावतो, मग त्याच्या गुरुजींना आणि शेवटी नशिबाला. ज्या खोलीत ते मूल रोजचे पाच-सहा तास काढते, त्या खोलीला मात्र कोणी जाब विचारीत नाही. म्हणून देवळे आणि समुद्रकिनारा तूर्त बाजूस ठेवून आपण चेन्नईच्या शाळांच्या वाटेने जाऊ या.

एगमोरची वाळू

एगमोरचे रेल्वे स्थानक १९०८ साली खुले झाले. त्याचे घुमट, कमानी आणि तांबडापांढरा रंग आजही येणाऱ्याजाणाऱ्याची नजर वेधून घेतात. या एगमोर भागात अठराव्या शतकात इंग्रजांचा एक लहानसा कोट होता. १७८९ साली तेथे सैनिकांच्या पोरक्या मुलांसाठी एक आश्रम सुरू झाला. गोऱ्या सैनिकांना एतद्देशीय स्त्रियांपासून झालेली ही मुले धड इकडची नव्हती की धड तिकडची. त्यांच्या देखरेखीचे काम स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज गावचे डॉ. अँड्र्यू बेल या धर्मोपदेशकाने वेतन न घेता पत्करले.

बेल यांना आश्रमात जे दिसले ते फारसे उत्साहजनक नव्हते. शिक्षक निरुत्साही होते आणि मुळाक्षरे शिकण्यातच मुलांचे महिनेच्या महिने जात. एके दिवशी घोड्यावरून फेरफटका मारीत असता त्यांची दृष्टी एका देशी शाळेकडे गेली. त्या काळचे इंग्रज तमिळ भाषेला आणि लोकांना ‘मलबारी’ म्हणत. म्हणून बेल यांनीही तिचा उल्लेख मलबारी शाळा असाच केला आहे. घराच्या ओटीवर भरणाऱ्या अशा शाळांना तमिळमध्ये ‘तिण्णै पळ्ळिक्कूडम’ असे नाव आहे. तिण्णै म्हणजे ओटी. तेथील मुले जमिनीवर बसून, समोर पसरलेल्या वाळूत बोटाने अक्षरे काढीत होती.

मराठी वाचकास यात नवल वाटण्यासारखे काही नाही. पाटीवर धूळ पसरून तीवर अक्षरे काढण्याची रीत आपल्या पंतोजींच्या शाळेतही होती. एखाद्या विद्येचा अगदी आरंभ करण्यास आपण आजही ‘धुळाक्षरे गिरविणे’ असे म्हणतो, ते त्या धूळपाटीमुळेच. बेल यांना मात्र ही युक्ती नवी होती. त्यांनी आश्रमात वाळू आणविली. शिक्षकांनी नाके मुरडली, तेव्हा त्यांनी मुळाक्षरांचा वर्ग जॉन फ्रिस्किन नावाच्या एका आठ वर्षांच्या विद्यार्थ्याच्या स्वाधीन केला. जे मोठ्यांना साधत नव्हते ते या बालगुरूला साधले. मग बेल यांनी सारी शाळाच त्या धर्तीवर लावली : पुढे गेलेल्या मुलाने मागच्या मुलाला शिकवावे. १७९६ साली ते मायदेशी परतले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी या प्रयोगाचा वृत्तांत लंडनमध्ये छापला. ‘मद्रास पद्धती’ हे नाव जगात पसरले ते तेव्हापासून.

या वाळूत एवढे काय होते? कागद महाग होता, वाळू फुकट होती, हे एक. परंतु त्याहून मोठी गोष्ट अशी की, वाळूतली चूक तळहाताने पुसता येते. चुकलेल्या अक्षराची खूण मागे उरत नाही, तेव्हा चुकण्याची धास्तीही उरत नाही. बोट, डोळा आणि जीभ ही तिन्ही एकाच वेळी कामाला लागतात. शिवाय शिकविणारा स्वतःच काल-परवा तेच अक्षर शिकलेला असल्यामुळे अडते कोठे हे त्याला नेमके ठाऊक असते.

पुढचा इतिहास मात्र सावध करणारा आहे. इंग्लंडमध्ये जोसेफ लँकेस्टर यांनीही १७९८ साली अशीच शाळा काढली, आणि एकाच शिक्षकाच्या हाताखाली शेकडो मुले शिकविता येतात, तीही अल्प खर्चात, हे पाहून अनेक देशांनी ही पद्धत उचलली. बेल यांच्या जन्मगावी त्यांच्या देणगीतून उभी राहिलेली शाळा आजही ‘मद्रास कॉलेज’ याच नावाने चालते. परंतु ओटीवरच्या मोजक्या मुलांची जागा आता प्रचंड दालनातील शेकडो मुलांनी घेतली होती. हुकूम, शिस्त आणि घोकंपट्टी यांचा अंमल सुरू झाला आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रशिक्षित शिक्षकांच्या वर्गापुढे ही पद्धत मागे पडली. पद्धत जहाजात बसून विलायतेस गेली, पण तिची ओटी मद्रासलाच राहिली. भोवताल सोडून नुसती रीत उचलली म्हणजे काय होते याचे याहून बोलके उदाहरण सहसा मिळावयाचे नाही.

मराठी मनाला या ठिकाणी आणखी एका विद्यार्थ्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. बेल एगमोरला असताना, १७९३ साली, तंजावरच्या भोसले घराण्यातील दत्तक राजपुत्र सर्फोजी यांना सुरक्षिततेसाठी मद्रासला आणण्यात आले आणि एगमोरच्या शेजारच्या वेपेरी भागातील गेरिके या जर्मन धर्मोपदेशकाकडे त्यांचे शिक्षण झाले. १७९८ साली गादीवर आल्यावर सर्फोजी राजांनी तंजावरात ‘नवविद्या कलानिधी’ शाळा काढल्या. त्यांच्या छापखान्यातून १८०६ साली ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापाच्या गोष्टींचे मराठी पुस्तक बाहेर पडले. मराठीतील अगदी आरंभीच्या छापील बालपुस्तकांत त्याची गणना होते. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्रात त्यांनी वाटसरूंच्या अन्नाबरोबरच विद्यार्थ्यांच्या अध्ययनाचीही सोय केली. विद्या आणि अन्न एकाच छपराखाली हवे हा विचार त्या छत्रात होता. त्याला महानगरपालिकेच्या शाळेत प्रवेश मिळण्यास मात्र आणखी शंभराहून अधिक वर्षे लागली.

थाउजंड लाइट्सची थाळी

ही शाळा पाहावयाची तर एगमोरहून दक्षिणेकडे अण्णा सालै या हमरस्त्याला लागावे. वाटेत एक उंच मिनारांची मशीद लागते. मोहरमच्या काळात येथील सभागृह उजळण्यासाठी एक हजार दिवे लावीत, म्हणून या भागाला तमिळमध्ये ‘आयिरम विळक्कू’, म्हणजे सहस्रदीप, असे नाव पडले. इंग्रजीत तेच ‘थाउजंड लाइट्स’ झाले.

येथील नगरपालिकेच्या शाळेत गरीब वस्तीतील मुले येत, आणि पुष्कळ वेळा येतही नसत. सर पी. त्यागराय चेट्टी हे त्या वेळी मद्रास नगरपालिकेचे अध्यक्ष होते. उपाशी मूल शाळेत टिकत नाही आणि टिकलेच तर त्याचे लक्ष टिकत नाही, ही गोष्ट कोणाही आईला ठाऊक असते. ती सरकारी ठरावात यावयास सप्टेंबर १९२० उजाडावा लागला. दर मुलामागे दररोज एक आण्याहून अधिक खर्च होऊ नये, अशा अटीवर या शाळेतील मुलांना दुपारचे खाणे देण्याचे नगरपालिकेने ठरविले. पुढे आणखी चार शाळांना ही सोय मिळाली. परंतु प्राथमिक शिक्षणाच्या निधीतून हा खर्च करण्यास सरकारने हरकत घेतली आणि १९२५ साली ही योजना अडली. अन्न हा शिक्षणाचा खर्च नव्हे, अशी त्या काळच्या हिशेबनिसांची समजूत होती.

ती समजूत खोडून काढली ती कामराज यांनी. अकरा-बारा वर्षांच्या वयात परिस्थितीमुळे ज्यांची स्वतःची शाळा सुटली, ते कामराज १९५४ साली मद्रास राज्याचे मुख्यमंत्री झाले आणि १९५६ साली त्यांनी दुपारच्या जेवणाची योजना राज्यभर नेली. १९५८ पासून शिक्षण संचालक सुंदरवडिवेलू यांच्या पुढाकाराने गावोगावी शाळा-सुधार परिषदा भरू लागल्या. कोणी बाके दिली, कोणी घड्याळ, कोणी नकाशे, कोणी खोली बांधून दिली. गावाने आपल्या शाळेचा भोवताल आपल्या हातांनी सुधारावा, असा तो प्रयत्न होता. १९८२ साली एम. जी. रामचंद्रन यांनी पौष्टिक आहार योजना सुरू केली. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये देशातील सर्व राज्यांना शाळेत शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला. आपल्या महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या शाळांत दुपारी जी खिचडी शिजते, तिचे नाते असे एक आण्याच्या त्या ठरावाशी जाऊन पोहोचते.

या अन्नाचा अभ्यासावर परिणाम होतो काय? तनिका चक्रवर्ती आणि राजश्री जयरामन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचे उत्तर मिळते. ज्या मुलांना पाच वर्षांपर्यंत शाळेतील जेवण मिळत आले होते, त्यांचे वाचनाच्या चाचणीतील गुण वर्षभराहून कमी काळ जेवण मिळालेल्या मुलांपेक्षा १८ टक्क्यांनी अधिक होते. गणितात ही वाढ ९ टक्क्यांची होती. हे फळ पहिल्या महिन्यात दिसत नाही. वर्षामागून वर्षे ताटात पडत गेलेले अन्न हळूहळू वाचनात उतरते.

दुपारचे जेवण मिळाले तरी सकाळचा प्रश्न उरतोच. आईवडील दोघेही पहाटे कामावर जात असतील, तर मूल रिकाम्या पोटी शाळेत येते, आणि गणिताचा तास तर बहुधा सकाळीच असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारने प्राथमिक शाळांत न्याहारी देण्यास आरंभ केला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ही योजना राज्यातील सर्व सरकारी प्राथमिक शाळांना, म्हणजे तीस हजारांहून अधिक शाळांना, लागू झाली. उपमा, खिचडी, पोंगल आणि सोबत भाज्या घातलेले सांबार, असे हे साधेच पदार्थ आहेत.

अड्यारच्या झावळ्यांखाली

थाउजंड लाइट्सहून आणखी दक्षिणेस गेले की अड्यार नदी लागते. पूल ओलांडताच डाव्या हातास, नदी जेथे समुद्राला मिळते तेथे, थिऑसॉफिकल सोसायटीचे गर्द वनराईचे आवार आहे. येथील प्रचंड वटवृक्षाचा मूळ बुंधा १९८९ साली वादळात कोसळला, तरी त्याच्या पारंब्यांनी आपला विस्तार सोडलेला नाही.

या परिसराशी शिक्षणाच्या दोन कथा निगडित आहेत. पहिली कर्नल ऑल्कट यांची. १८९४ साली त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलांसाठी येथे विनामूल्य शाळा काढली. ज्या मुलाला इतर शाळेच्या दारातच अडविले जाई किंवा कोपऱ्यात वेगळे बसविले जाई, त्याच्या बाबतीत भोवताल या शब्दाचा पहिला अर्थ ‘मला येथे बसू देतात’ हाच होता. ती परंपरा सांगणारी ऑल्कट स्मारक शाळा जवळच बेझंटनगरात आजही मुलांना शिकवीत आहे.

दुसरी कथा डॉ. मारिया माँटेसरी यांची. जॉर्ज अरुंडेल आणि रुक्मिणीदेवी यांच्या निमंत्रणावरून त्या नोव्हेंबर १९३९ मध्ये आपले पुत्र मारिओ यांच्यासह मद्रासला आल्या, तेव्हा त्यांनी सत्तरीत प्रवेश केला होता. माडाच्या झावळ्यांनी शाकारलेल्या मांडवांत त्यांचा पहिला भारतीय प्रशिक्षणवर्ग भरला. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून सुमारे तीनशे शिक्षक तेथे जमले होते. जून १९४० मध्ये इटली महायुद्धात उतरला आणि इटालियन म्हणून मारिओ यांना अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. मारियाबाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी, ऑगस्ट १९४० मध्ये, सरकारने मायलेकांची भेट घडवून आणली. काही महिन्यांसाठी आलेल्या या बाई युद्धामुळे १९४६ पर्यंत भारतात राहिल्या.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, मुलाला शिकविण्यापूर्वी त्याची खोली तयार करावी. कपाट त्याचा हात पोहोचेल इतके ठेंगणे असावे, खुर्ची त्याला स्वतः उचलता यावी, आणि साधने अशी असावीत की चूक झाली तर ती साधनानेच दाखवून द्यावी. दहा दट्ट्यांपैकी एक भोकात बसत नसेल, तर मुलाला गुरुजींच्या मुद्रेकडे पाहण्याची गरजच उरत नाही. एगमोरच्या वाळूत जी निर्भयता होती, तीच येथे लाकडी साधनांत आली होती.

परंतु ही साधने महाग असत. गरिबांच्या मुलांसाठी ती कोठून आणावयाची? या प्रश्नाचे उत्तर आपल्या मराठी मुलखाने दिले. भावनगरात गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणास आरंभ केला. १९५७ साली ते काम जवळच्या कोसबाड टेकडीवर, आता पालघर जिल्ह्यात असलेल्या जागी, गेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली आणि ती अंगणवाडी झाली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. शिंपले, खडे, बिया आणि पाने ही तेथील गणिताची साधने झाली. अंगणवाडी हा शब्द आज देशभर सरकारी कागदपत्रांत रुळला आहे. तमिळनाडूतही तोच चालतो.

फळा खाली उतरला

आता पुन्हा शहरातील महानगरपालिकेच्या शाळांकडे वळू. २००३ साली एम. पी. विजयकुमार हे चेन्नई महानगरपालिकेचे आयुक्त होते. त्याआधी वेल्लूर जिल्ह्यात वेठबिगारीतून सोडविलेल्या मुलांच्या शिक्षणाचे काम त्यांनी केले होते. जे मूल अधूनमधून गैरहजर राहते आणि ज्याचे वय इयत्तेशी जुळत नाही, त्याला एकाच गतीने चालणारा वर्ग आपल्यात सामावून घेऊ शकत नाही, हा त्यांचा अनुभव होता. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीच्या परिसरातील खेड्यांच्या शाळांत या अडचणीवर एक तोड निघाली होती. विजयकुमार यांनी आपल्या शिक्षकांना ती पाहण्यास तेथे धाडले आणि नंतर शहरातील १३ शाळांत तिचा प्रयोग केला. लवकरच महानगरपालिकेच्या साऱ्या प्राथमिक शाळांनी आणि २००७ पासून राज्यभरातील सरकारी प्राथमिक शाळांनी ही ‘कृतीवर आधारित शिक्षणा’ची पद्धत स्वीकारली.

असा वर्ग प्रथम पाहणारा गोंधळून जातो. बाके नाहीत, चटयांवर मुले गोल करून बसलेली. गुरुजी किंवा बाई खुर्चीवर नाहीत, तर मुलांच्यातच जमिनीवर. भिंतीवर शिडीचे चित्र असलेला तक्ता. त्या शिडीची प्रत्येक पायरी म्हणजे एक लहानसा पाठ. मूल शिडीवर आपली पायरी शोधते, मांडणीवरील तबकातून त्या पायरीच्या चिन्हाचे कार्ड उचलते आणि आपल्या गटात जाऊन बसते. कोठे बाईंच्या मदतीने, कोठे मित्राच्या मदतीने, कोठे एकट्याने काम चाललेले असते. चार दिवस आजारी पडलेले मूल परत येते ते आपल्या सोडलेल्या पायरीवर. वर्ग त्याला मागे टाकून पुढे गेलेला नसतो. आणि भिंतीच्या खालच्या भागात, जमिनीपासून मुलाच्या खांद्याच्या उंचीपर्यंत, काळा पट्टा रंगविलेला असतो. तो मुलांचा फळा. प्रत्येकाच्या वाट्यास त्यातला एकेक तुकडा येतो. गुरुजींच्या उंचीवर टांगलेला फळा मुलाच्या उंचीला उतरला, एवढ्या एका बदलात या पद्धतीचे पुष्कळसे सार आले. वाळूतल्या अक्षराप्रमाणेच खडूचे अक्षरही तळहाताने पुसता येते, हे सांगावयास नको.

आपल्याकडे सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील जिल्हा परिषदेच्या शाळांनीही याच दिशेने पाऊल टाकले. तेथे वर्गाच्या फरशीवरच अक्षरे, अंक आणि आकृत्या रंगविल्या, आणि मुले ज्यावर बसतात ती जमीनच पुस्तक झाली.

तथापि याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कार्डे फाटतात, हरवतात. ती वेळेवर नवी मिळाली नाहीत तर शिडीच्या पायऱ्या गळतात. एका शिक्षकाकडे मुले फार झाली तर प्रत्येकाच्या पायरीकडे लक्ष देणे अशक्य होते. काही पालकांना आणि शिक्षकांनाही पाठ्यपुस्तकाचा धडा क्रमाने झाल्याशिवाय शिकविल्याचे समाधान वाटत नाही. तमिळनाडूने २०२२ पासून पहिली ते तिसरीच्या वर्गांसाठी ‘एण्णुम् एळुत्तुम्’, म्हणजे अंक आणि अक्षर, हा नवा उपक्रम हाती घेतला आहे. चटई आणि कार्डे आणली म्हणजे वातावरण आले असे होत नाही. त्यांच्यामागे पुरेसे शिक्षक आणि त्यांना वेळ हवा. प्राथमिक शाळेत दर तीस मुलांमागे एक शिक्षक असावा हा २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचा दंडक म्हणूनच महत्त्वाचा आहे.

भिंती, वारा आणि उजेड यांचे महत्त्वही मोजून पाहण्यात आले आहे. इंग्लंडमधील सॅल्फर्ड विद्यापीठाचे पीटर बॅरेट आणि त्यांचे सहकारी यांनी २७ प्राथमिक शाळांतील १५३ वर्गखोल्या आणि ३,७६६ मुले यांचा अभ्यास करून २०१५ साली निष्कर्ष मांडला की, वर्षभरातील मुलांच्या प्रगतीत जो फरक दिसतो त्यापैकी १६ टक्के फरक वर्गखोलीच्या भौतिक गुणांशी निगडित असतो. त्यात जवळजवळ निम्मा वाटा उजेड, हवा आणि खोलीतील उष्णता यांचा होता. चेन्नईसारख्या दमट उष्ण शहरात, किंवा आपल्या विदर्भात, पंखा आणि सावली देणारे झाड ही शाळेची चैन नव्हे. ती पाटी-पेन्सिलीच्या जोडीने मोजण्याची शैक्षणिक साधने होत.

शाळा बंद होती तेव्हा

भोवतालाचे मोल किती, हे तो नाहीसा झाल्यावर अधिक स्पष्ट होते. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या आणि तमिळनाडूतील प्राथमिक वर्ग पुन्हा भरले ते १ नोव्हेंबर २०२१ रोजी. सुमारे एकोणीस महिने मुलांना ना चटई होती, ना शेजारी, ना दुपारची पंगत. पुस्तके घरी होती, काही घरी दूरध्वनीच्या पडद्यावर पाठही होते. शाळेचे वातावरण मात्र नव्हते.

अभिजीत सिंग, मॉरिसिओ रोमेरो आणि कार्तिक मुरलीधरन या संशोधकांनी २०१९ साली ग्रामीण तमिळनाडूतील मुलांची पाहणी केली होती. डिसेंबर २०२१ मध्ये ते सुमारे १९,००० मुलांपर्यंत पुन्हा पोहोचले. त्याच वयाच्या पूर्वीच्या मुलांशी तुलना करता ही मुले बरीच मागे पडलेली आढळली, आणि गणितातील पीछेहाट भाषेतील पीछेहाटीच्या सुमारे दुप्पट होती. भाषा घरात, अंगणात कानांवर पडत राहते. भागाकार मात्र शाळेबाहेर सहसा भेटत नाही.

याच अभ्यासाचा पुढचा भाग धीर देणारा आहे. शाळा उघडल्यावर सहा महिन्यांच्या आत या तुटीचा दोन-तृतीयांश भाग भरून निघाला, आणि त्या भरपाईचा सुमारे एक-चतुर्थांश वाटा ‘इल्लम् तेडी कल्वि’ या योजनेचा होता. या नावाचा अर्थ ‘घर शोधीत आलेले शिक्षण’. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत स्वयंसेवक, आणि त्यांत बहुसंख्य वस्तीतल्याच स्त्रिया, सायंकाळी मुलांना जवळपासच एकत्र बसवून शिकवीत. शिकविणारी ओळखीची, मुले शेजारची, जागा आपल्याच वस्तीतली. बेल यांनी घोड्यावरून पाहिलेल्या त्या जुन्या तिण्णैचीच येथे आठवण होते. त्या ओटीत आणि या वर्गात दोन शतकांचे अंतर आहे. मुलाला लागणाऱ्या गोष्टी मात्र त्याच आहेत.

चेन्नईच्या या फेरीतून घरी नेण्यासारखे काय आहे? आपल्यापैकी पुष्कळांना मुलांसाठी शाळा निवडण्याची मुभा असते, पुष्कळांना नसते. परंतु आहे त्या शाळेकडे डोळसपणे पाहण्याची मुभा सर्वांनाच आहे. शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना बहुसंख्येने स्थान दिले आहे, ते त्यासाठीच. पुढच्या सभेला जाल तेव्हा गुणपत्रिकेबरोबर आणखी काही गोष्टींची चौकशी करा. सकाळी काही न खाता येणारी मुले वर्गात किती आहेत? दुपारचे अन्न कोण चाखून पाहते? पिण्याचे पाणी आणि मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह आहे काय? खिडकी उघडते काय? चुकलेल्या मुलाला चूक पुसून पुन्हा लिहिता येते, की वर्गासमोर उभे राहावे लागते? आजारपणानंतर परतलेले मूल कोठून आरंभ करते?

आणि एक गोष्ट कोणाला न विचारता आपणच करण्यासारखी आहे. वर्ग रिकामा असेल तेव्हा आपले मूल जेथे बसते तेथे, त्याच्याच उंचीवर, पाच मिनिटे बसून पाहावे. तेथून फळ्यावरचे अक्षर दिसते का, वारा लागतो का, मांडणीवरील पुस्तकापर्यंत हात पोहोचतो का, हे पाहावे. आणि जे उणे दिसेल ते सभेत मांडावे. एका खिडकीची दुरुस्ती किंवा भिंतीवर काळ्या रंगाचा एक पट्टा, एवढ्यानेही आरंभ होऊ शकतो.